इंग्लंडमध्ये नवीन आहे, चॅरिटी शॉपमधून जुन्या वस्तू घ्याव्यात का?

बेलाशक घ्या. लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून ऑक्सफॅमसारख्या सेवाभावी संस्था आपल्या कामासाठी पैसा उभा करतात. गिऱ्हाइकांत सगळ्या थरांतले लोक दिसतात, तेव्हा संकोच नको. पुस्तकं, काचेची भांडी आणि थंडीचे कोट यांत खरी मजा. कोटाची चेन आणि काखेतलं अस्तर बघा. लोकरीचा असेल तर उजेडात धरून कसर लागलीय का तपासा. श्रीमंत वस्तीत माल बरा, भावही चढा. (घासाघीस करायची सवय मात्र घरीच ठेवा.) सोफा-कपाटासाठी ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या अशाच संस्थेची फर्निचरची वेगळी दुकानं आहेत. पुढे स्वतःचं सामान द्याल तेव्हा, तिथे आयकर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा: विक्रीच्या दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात.