‘अमाउता’ आणि देशीवाद

प्रश्न : १९२०च्या दशकात पेरू देशातील प्रयोगशील नियतकालिकांनी मूळनिवासींना साहित्य व चित्रकलेच्या केंद्रस्थानी आणले, असे वाचले. युरोपातील नवे प्रवाह आपलेसे करणाऱ्यांना हे कसे साधले? आपल्या देशीवादाशी त्याचे नाते लावता येईल का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : पेरूतील मार्क्सवादी विचारवंत होसे कार्लोस मारियातेगी यांनी सप्टेंबर १९२६मध्ये राजधानी लिमा येथे सुरू केलेल्या ‘अमाउता’ या नियतकालिकाचे १९३०पर्यंत ३२ अंक निघाले. पहिल्याच अंकात मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा लेख होता, आणि पुढे याच नियतकालिकात अँडीजमधील जमीनदारांच्या जुलमाच्या तक्रारी छापणारे स्वतंत्र सदर सुरू झाले. संपादकांना या दोन गोष्टींत विसंगती वाटत नव्हती, कारण जुनी व्यवस्था मोडणे हेच दोहोंचे काम आहे, अशी त्यांची धारणा होती. चित्रकार होसे साबोगाल यांनी मुखपृष्ठासाठी ठसठशीत, जाड रेषांत मूळनिवासी पुरुषाचा चेहरा काढला. त्यात पर्यटकांसाठी रंगवलेल्या देखाव्याचा गोडवा औषधालाही नाही. तितिकाका सरोवराकाठच्या पुनो गावातून लेखक गामालिएल चुराता यांनी काढलेले ‘बोलेतिन तितिकाका’ हे नियतकालिक तर मला अधिक धाडसी वाटते. राजधानीपासून दूर राहून त्याने नवकविता छापली, आणि स्पॅनिश भाषा उच्चारानुसार लिहिण्याचा आग्रह धरणारे लेखनही प्रसिद्ध केले.

देशीवादाशी तुलना करताना मात्र जपून पाऊल टाकावे. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीत भाषा, परंपरा आणि वाङ्मयीन मूल्यांचे स्वत्व अग्रस्थानी आहे. मारियातेगी यांनी मूळनिवासींचा प्रश्न मुळात जमिनीचा ठरवला, आणि शाळा किंवा नीतिबोध यांनी तो सुटेल ही समजूत ठामपणे नाकारली. ही बाजू मला सर्वांत मोलाची वाटते. शिवाय मूळनिवासींना केंद्रस्थानी आणणारे हे साहित्य प्रामुख्याने त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेले असून मूळनिवासींचे स्वतःचे साहित्य अजून यायचे आहे, हे मारियातेगी यांनी १९२८मध्येच स्पष्टपणे लिहिले होते.

म्हणून आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्यायचे, तर वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्याशी ताडून पाहावे, असे सुचवतो. वर्गलढ्याची जाण त्यांच्याही लेखनात आहे. पण मांग समाजाचे जिणे त्यांनी त्या समाजात जन्मून, जेमतेम शाळा पाहून लिहिले. ‘अमाउता’च्या पानांवर ज्या लेखकाची वाट पाहिली जात होती, तो असाच होता.