घरी सुरात राहणारी बासची ई तार स्टेजवरच का उतरते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चार तारांचा बास गिटार आहे, घरी तासभर वाजवला तरी सूर हलत नाही, पण कार्यक्रमात दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला सगळ्यात जाड ई तार उतरते, म्हणजे तिचा सूर खाली जातो. दोनदा नव्या तारा घालून झाल्या, फरक नाही. आता खुंट्या बदलाव्यात का, असं विचारताय.

इतक्यात बदलू नका. मी बदलल्या होत्या. आधी तारांचा सेट, मग दुसऱ्या जाडीचा सेट, मग ई तारेची खुंटी. पुढच्याच कार्यक्रमात तार पुन्हा उतरली, आणि ड्रमरने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. दोष माझ्याच हातचा होता, आणि तो शोधायला शेवटी लागला तो करेक्शन पेनचा एक ठिपका.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या. तार उतरते हे तुम्ही ट्यूनरवर पाहिलंय की कानाने ठरवलंय? मोकळ्या ई तारेचा सूर 41.2 हर्ट्झवर असतो. एवढ्या खालचा सूर स्टेजच्या घुमण्यात नीट ऐकूच येत नाही, आपण बहुतेक त्याच्या वरच्या स्वरांशांवरूनच तो ओळखत असतो. त्यात गिटारवाल्याने कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) घट्ट आवळला की त्याच्या तारा किंचित चढतात आणि बिचारा बास उतरल्यासारखा वाटतो. एकदा तर आमच्या कीबोर्डचं मूळ ट्यूनिंग कुणाच्या तरी हाताने 440 ऐवजी 442 हर्ट्झवर गेलं होतं. फरक जेमतेम 8 सेंटचा (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर), पण संपूर्ण साउंड चेक मी खुंट्या पिळण्यात घालवला. तेव्हा पुढच्या वेळी शंका आली की दोन गाण्यांच्या मध्ये पायाने दाबायच्या पेडल ट्यूनरवर ई तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून वाजवलेला सूर) बघा. क्लिपवाला ट्यूनर इथे कामाचा नाही. स्टेज स्वतःच थरथरत असतं आणि तो ती थरथरही मोजत बसतो.

ट्यूनरवरही उतरलेली दिसली, तर लगेच ए, डी आणि जी याही तारा बघा. चारही उतरल्या असतील तर ती उष्णता आहे. दिव्यांखाली पोलादी तारा चटकन तापतात, लांबतात, ताण कमी होतो. लाकूड त्यामानाने सावकाश तापतं. उपाय सोपा आहे: गार खोलीत लावलेला सूर अंतिम समजायचा नाही. बास पंधरा-वीस मिनिटं स्टेजवर दिव्यांखाली स्टँडवर ठेवायचा आणि मग लावायचा. पण तुम्ही फक्त ई म्हणताय, म्हणून माझा संशय दुसरीकडे आहे.

आता तो ठिपका. बास पूर्ण लावून झाला की ई तार जिथे नटमध्ये (फ्रेटबोर्डच्या टोकाची खाचांची पट्टी) शिरते, तिथे नटच्या खुंटीकडच्या कडेला अगदी चिकटून तारेवर करेक्शन पेनचा बारीक ठिपका द्या. दुसरी खूण खुंटीपाशी: खुंटीच्या डोक्यावरची फट ज्या दिशेला असेल, तिच्या रेषेत खालच्या वॉशरवर पेन्सिलीची रेघ ओढा. मग कार्यक्रम वाजवा. तार उतरली की खुंटीला हात लावण्याआधी खुणा बघायच्या. हे सांगायला सोपं, करायला महाकठीण, कारण तार उतरली की हात आपोआप खुंटीकडे जातो आणि पुरावा नाहीसा होतो. वेळ नसेल तर फोनने फोटो काढा आणि मग लावा.

ठिपका नटच्या खाचेत गायब झाला असेल किंवा फ्रेटबोर्डच्या बाजूला बाहेर आला असेल, तर तार खुंटीकडून सुटत आली आहे. मग खालची रेघ बघा. रेघ आणि फट अजून एका रेषेत असतील तर खुंटी फिरलेलीच नाही, तार तिच्याभोवती सरकली आहे. माझं नेमकं हेच होतं, आणि म्हणूनच नव्या खुंटीने काही फरक पडला नव्हता. तसंही खुंटीच्या गिअरची रचनाच अशी असते की तुम्ही बाहेरची चावी फिरवली तर खुंटी फिरते, पण तारेने कितीही ओढलं तरी ती सहसा उलटी फिरत नाही. अनेक बासवर चावीचे 20 फेरे झाले की खुंटीचा एक होतो. तार उतरली की पहिला संशय खुंटीवर, आणि बहुतेक वेळा ती निर्दोष.

तार का सरकते? कारण ती नीट गुंडाळलेली नसते. मला कुणीतरी सांगितलं होतं की वेढे जितके कमी तितकं ट्यूनिंग पक्कं. गिटारच्या बारीक तारेला आणि लॉकिंग खुंटीला (तार आवळून धरणारी खुंटी) ते ठीक आहे. बासच्या साध्या खुंटीवर मी तार इतकी आखूड कापत होतो की जेमतेम दीड वेढा बसायचा. ई तारेवर साधारण 16 ते 18 किलोचा ताण असतो. दीड वेढा आणि टोकाचा एक बाक यांच्या जोरावर ती घरी टिकायची, कारण घरी मी हलक्या बोटांनी वाजवत होतो. स्टेजवर मॉनिटरमधून (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) स्वतःचा आवाज येत नाही म्हणून हात दुप्पट जोराने पडतो, आणि प्रत्येक फटक्याला तार केसभर सुटत जाते. जाड तार मुळात फार ताणली जात नाही, त्यामुळे मिलिमीटरचा छोटा अंश सुटला तरी सूर चांगलाच खाली येतो.

म्हणून तार घालताना: ब्रिजमधून (तारेचं खालचं टोक जिथे अडकतं तो भाग) ओवून ती ज्या खुंटीवर जायची आहे तिच्यापुढे 10-12 सेंटीमीटर राहील एवढी ठेवा. जिथे कापायची तिथे आधी पक्कडीने काटकोनात वाकवा आणि मग बाकाच्या पलीकडे कापा. हा क्रम महत्त्वाचा आहे. बासची तार म्हणजे आतला गाभा आणि त्यावर गुंडाळलेली तार. न वाकवता कापली तर वरचं गुंडाळण सैल होऊन गाभ्यावर फिरू शकतं, विशेषतः गाभा गोल असेल तर. अशी तार कधी सुरात राहत नाही, आणि आवाजही मेल्यासारखा येतो. कापलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात तळापर्यंत सारा, फटीतून बाहेर वाकवा, आणि दोन-तीन वेढे वरून खाली, एकाखाली एक, एकावर एक न चढू देता घाला. वेढे खाली गेले की तार नटवर चांगल्या कोनात दाबली जाते. गुंडाळताना तारेला पीळ पडू देऊ नका. शेवटी बाराव्या फ्रेटपाशी तार बोटांनी दोन-चार वेळा हलकेच वर ओढा, पुन्हा लावा, पुन्हा ओढा. ओढूनही सूर हलेनासा झाला की झालं. तुम्ही दोनदा तारा बदलल्यात, पण दोन्ही वेळा गुंडाळण्याची पद्धत तीच असेल तर निकालही तोच येणार.

रेघ आणि फट यांची रेषा मोडली असेल, तरच खुंटीचा विचार करा. तेव्हाही आधी मागच्या दातेरी चाकाचा स्क्रू आणि खुंटी लाकडाला धरून ठेवणारे छोटे स्क्रू तपासा. सैल असतील तर आवळा, पण पिळून टाकू नका, लाकडातली भोकं लगेच मोठी होतात. त्यानंतरही खुंटी हलत असेल तर बदला, आणि ती एकच. चारही नाही.

ठिपका जागेवरच आहे आणि तरी तार उतरली, असंही होतं. मग दुसऱ्या टोकाला जा. तारेच्या शेवटची गोळी ब्रिजमध्ये पूर्ण बसली आहे का? नवी तार घातल्यावर सॅडलच्या (ब्रिजवर तार जिच्यावर टेकते ती छोटी बैठक) लगेच पुढे अंगठ्याने एकदा हलकेच दाबावी लागते, म्हणजे ती तिथे स्वच्छ वळते. नाहीतर तो गोलसर बाक वाजवता वाजवता सरळ होत जातो आणि तार उतरते. सॅडलच्या उंचीचे दोन बारीक स्क्रू ई तारेच्या थरथरीने सुटत जातात. तसं होत असेल तर तार उतरण्याबरोबर फ्रेटवर खडखडही वाढलेली ऐकू येईल. उंची एकदा ठरली की स्क्रूच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो.

मग उरतो नेक, म्हणजे बासची लांब मान. घरी तुम्ही बसून वाजवता, बास मांडीवर असतो. स्टेजवर तो पट्ट्यावर लटकतो, आणि ज्या बासचं डोकं जड असतं तो सारखा खाली झुकतो. डावा हात नकळत नेक सावरत राहतो. उभं राहून मोकळी ई तार वाजवा आणि डोकं हलकेच पुढे-मागे ढकलून बघा. सूर थोडा हलणारच, 34 इंच लांबीच्या तारेखाली लांबलचक लाकूड आहे. पण हात काढला की तो मूळ जागी परत आला पाहिजे. परत येत नसेल तर नेकच्या मागचे चार स्क्रू तपासा. माझ्या ओळखीच्या एका बासवर त्यातला एक बोटाने फिरत होता! नेक झुकत असेल तर रुंद आणि आतून खरखरीत असलेला चामड्याचा पट्टा वापरा, तो खांद्यावर घसरत नाही.

नटबद्दल एकच गोष्ट, पण ती रोजची सवय आहे. तुम्ही जाड सेट घातला असेल तर जुन्या नटची खाच त्याला अरुंद पडते आणि लावताना टिकटिक असा आवाज येत सूर उड्या मारतो. अशा नटवर वरून खाली येऊन सूर लावलात, तर खुंटी आणि नट यांच्यामधली तार सैल राहते, नटच्या पुढची, फ्रेटबोर्डवरची घट्ट. दोन-चार जोरदार फटके पडले की दोन्हीकडचा ताण सारखा होतो आणि सूर खाली येतो. शिवाय गिअरमध्ये जी थोडी ढिलाई असते, तीही तशीच राहते. म्हणून सूर चढलेला असला तरी आधी त्याच्या खाली जा आणि खालून वर येत थांबा. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. खाच खरंच अरुंद असेल तर ती रुंद करायचं काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. जास्त घासली गेली तर नट नवाच घ्यावा लागतो.

आणि हे सगळं होईपर्यंत परवाच्या कार्यक्रमाचं काय? गाण्याच्या मध्येच ई तार गेली तर खुंटी पिळत बसू नका, प्रेक्षकांना तो घसरणारा सूर तुमच्या चुकीपेक्षा जास्त ऐकू येतो. ए तारेवर जा. सातव्या फ्रेटवर ई आहे, एक सप्तक वरचा, पण सुरात. डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी ई तार दाबून गप्प ठेवा, नाहीतर ती शेजारच्या तारांबरोबर आपली आपण गुणगुणत राहते. गाणं संपलं की पेडल दाबा, आवाज बंद होईल, मग खाली जाऊन वर या. दहा सेकंदांचं काम आहे. मॉनिटरमध्ये बास वाढवून मागा. स्वतःला ऐकू आलं की हात आपोआप हलका होतो, आणि माझ्या बाबतीत निम्मा फरक तिथेच पडला होता.

ठिपका आणि रेघ करून एक कार्यक्रम वाजवा आणि काय दिसलं ते इथे लिहा. सोबत खुंटीवरच्या वेढ्यांचा वरून आणि बाजूने एकेक फोटो टाका.