एकेचाळिसाव्या पानावरची आजी

प्रिय पोरी,

तुझ्या कादंबरीची सत्तर पानं आणि सोबतचा बारा पानी आराखडा, दोन्ही वाचून झालं. पानं दोनदा वाचली. आराखडा मात्र नेट लावून कसाबसा संपवला. पुढची कादंबरी या आराखड्याबरहुकूम लिहू, की तो फाडून टाकून सुचेल तसं लिहीत जाऊ, असं तू विचारलंयस. मला विचारशील तर दोन्ही नको.

आधी एकेचाळिसावं पान. मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या संपाचा तिसरा महिना. तुझ्या गोष्टीतली आजी पहाटे उठते, स्टो पेटवायच्या आधी रॉकेलचा डबा कानाशी नेऊन हलवते, आणि नुसत्या आवाजावरून तिला कळतं की हे रविवारपर्यंत पुरेल. मग स्टो न पेटवताच ती आजोबांशेजारी येऊन पडते. तेही जागेच असतात. कुणी काही बोलत नाही. हे पान आराखड्यात कुठे आहे ते मी शोधलं. नाहीच. त्या जागी लिहिलंय, 'प्रकरण ९ : ओढाताण. आजी मंगळसूत्र गहाण ठेवते.'

डबा हलवून रविवारपर्यंतचा हिशेब करणारी बाई पहिला हात मंगळसूत्राला घालेल? तिची तर खाणावळ आहे. सहा माणसं जेवायला, त्यातले चार बदली कामगार, म्हणजे गिरणीत कायम नसलेले, सगळ्यांचे पैसे पगार झाल्यावर यायचे. आता पगारच नाही. त्या सहा जणांना ताट वाढायचं की नाही, हा तिच्यापुढचा खरा पेच आहे आणि तो तूच पहिल्या पन्नास पानांत उभा केलायस. आराखड्याला त्याची खबर नाही, कारण तो केलास तेव्हा ही बाई तुला अजून भेटलेली नव्हती. मंगळसूत्र हे आजीला सुचलेलं नाही. ते शंभर सिनेमांतून आयतं आलेलं आहे.

मी हे इतकं ठासून सांगतो, कारण माझी पहिली कादंबरी यातच गेली. बत्तीस प्रकरणांचा तक्ता केला होता, प्रत्येक प्रकरणाला एक कार्ड. बाराव्या प्रकरणात आई मरणार असं ठरलेलं. पण अकराव्यात ती अचानक घडाघडा बोलायला लागली, मुलाला उलट प्रश्न विचारायला लागली, सगळ्या घराला तिने जाग आणली. आणि मी तिला बाराव्यात मारली. कार्डावर लिहिलं होतं म्हणून. ज्या संपादकांनी हस्तलिखित वाचलं ते एवढंच म्हणाले, 'बाराव्यानंतर यात कुणी श्वास घेत नाही.' पुढची वीस प्रकरणं मी दोन वर्षं घासत बसलो होतो.

दुसऱ्या वेळी सूड घेतल्यासारखं काहीच न ठरवता लिहिलं. सहाशे पानं झाली. एक मुलगी चौथ्या प्रकरणात सात वर्षांची आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अकरा वर्षांची. हे दुरुस्त करायला गेलो तर निम्मी कादंबरी उसवली.

म्हणून आता मी दिवसांचा आराखडा करतो. माणसांचा करत नाही.

तुझ्यासारख्या विषयाला तर त्यावाचून गत्यंतर नाही. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सोमवार होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. म्हणजे तुझ्या कादंबरीला शेवटची तारीख इतिहासाकडून मिळणार नाही, ती घराघरात वेगवेगळी आहे. हे केवढं मोठं दान आहे बघ! जूनमध्ये पेरण्या, कितीतरी माणसं कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेलेली. ऑगस्टच्या १८ तारखेला मुंबईत पोलिसांचाच उद्रेक झाला, लष्कर बोलवावं लागलं, आणि लगेच चार दिवसांनी गणपती. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला, म्हणजे बिनपगाराचा दहावा महिना. तुझ्या आराखड्यात आजोबा त्या दिवाळीला नवे कपडे आणतात. पैसे कुठून आले? उत्तर असेल तर तिथे एक प्रकरण दडलंय. नसेल तर तो प्रसंगच खोटा आहे.

असा कागद भिंतीवर लाव. महिना, सण, पाऊस, कोण किती वर्षांचं, घरात कोण आणि गावी कोण, आजोबा साचेखात्यात, म्हणजे गिरणीतल्या मागांवर, कधीपासून. अमेरिकन कादंबरीकार फॉकनरने मिसिसिपीतल्या आपल्या घरी, लिहायच्या खोलीच्या भिंतीवरच एका कादंबरीचा आराखडा लिहून काढला होता, वारांच्या नावांखाली, कारण गोष्ट एका आठवड्यात घडते. ती भिंत अजून आहे. मला त्यातले वार फार आवडतात.

आणि माणसं? ती आवाजावर सोपव. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' त्यात हप्त्याहप्त्याने छापली. छापून गेलेला हप्ता बदलता येत नाही. तरी ती कादंबरी एकसंध राहते, कारण तिची नायिका यमू स्वतः बोलते आणि तिचं बोलणं कुठे सुटत नाही. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या हेही खरं, तेव्हा हप्त्यांची भूल नको. पण यमूसारखा आवाज तुझ्या आजीत आहे. तिला पुढच्या पन्नास पानांत मोकळं सोड. दर आठवड्याला, लिहून झाल्यावर, झालेल्या पानांचं टिपण काढ: कुणाला काय कळलं, कुणी काय लपवलं. हे टिपण लिहिलेल्या पानांमागून चालतं, पुढे पळत नाही.

आजोबांबद्दल एक शंका आहे. ते अजून फलकावरच्या माणसासारखे बोलतात. त्यांना खात्यात, साच्यासमोर उभं करून एक प्रसंग लिही, संपाच्या आधीचा. कादंबरीत नाही आला तरी चालेल.

तर प्रकरण ९ खोड. त्या जागी ती सहा ताटं ठेव आणि आजी कुणाला वाढते ते लिहून मला पाठव. मलाही ते ठाऊक नाही, आणि वाचायची घाई झालीय. रॉकेलच्या डब्याच्या पानाला मात्र हात लावू नकोस. एक शब्दही नको.

तुझा,
सर