‘इन’ या शब्दाची दहा हजार कार्डे

“ताई, मी २४ वर्षांची असून संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीच्या अखेरच्या टप्प्यावर आहे. सर्व विषयांत उत्तीर्ण झाले आहे, केवळ प्रबंध उरला आहे. हस्ताक्षर वाचणारी संगणकप्रणाली मी तयार केली, ती चालते, पाचपैकी तीन प्रकरणेही लिहून झाली आहेत. पण दोन वेळा मुदतवाढ घेऊनही उरलेली दोन प्रकरणे माझ्या हातून लिहिली जात नाहीत. लिहायला बसले की मन प्राचीन ग्रीक हस्तलिखितांकडे आणि धर्मग्रंथ कोणी, कसे उतरवून घेतले याच्या इतिहासाकडे धावते. ग्रीक आणि हिब्रू या दोन्ही भाषा मी आपल्या आपण शिकू लागले आहे. माझे मार्गदर्शक याला छंद म्हणतात. धर्माचा असा अभ्यास केला की श्रद्धा उरत नाही, अशी आईला भीती वाटते, तर मी अचानक देवभोळी झाले आहे असे मैत्रिणींना वाटते. शेवटची मुदत चार महिन्यांवर आली आहे. ही पदवी सोडून इतिहासाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा का? इतिहास, धर्म आणि तंत्रज्ञान यांपैकी मी नेमके काय निवडावे? हाती घेतलेले काहीच तडीस न नेणारी माणसे असतात, त्यांतलीच मी एक आहे का?”

पत्रात तू मला ताई म्हटले आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता देते: पदवी सोडू नकोस. उरलेली दोन प्रकरणे लिही, प्रबंध सादर कर आणि त्यानंतर इतिहासाकडे वळ. ज्या वाटेने तुला जायचे आहे, त्या वाटेवर तुझ्या आधी गेलेल्या एका माणसाची हकीकत मला ठाऊक आहे, आणि तुझे पत्र वाचताना तीच सारखी डोळ्यांपुढे येत राहिली.

रोबेर्तो बुसा हे इटलीतील जेझुइट धर्मगुरू. १३व्या शतकातील धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांच्या लेखनात ‘उपस्थिती’ या कल्पनेचा विचार कसा आला आहे, हा त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता. उपस्थिती या अर्थाचे लॅटिन शब्द त्यांनी आधी शोधून पाहिले, पण त्यांतून फारसे काही हाती लागले नाही. मग त्यांच्या ध्यानात आले की हा सारा विचार ‘इन’ या एवढ्याशा शब्दाला, म्हणजे आपल्या ‘मध्ये’ किंवा ‘आत’ला, बिलगून आलेला आहे. तेव्हा हा शब्द किंवा त्याच्याशी जोडलेला एखादा शब्द ज्या ज्या वाक्यात आला, ते प्रत्येक वाक्य त्यांनी हाताने एकेका कार्डावर उतरवले. अशी दहा हजार कार्डे झाली. ती लावत, मोडत आणि पुन्हा लावत त्यांनी प्रबंध पुरा केला आणि १९४६ मध्ये पदवी मिळवली. १९४९ मध्ये ते आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि अक्वायनस यांच्या समग्र लेखनाची शब्दसूची यंत्राच्या साहाय्याने करण्याची परवानगी व मदत घेऊन परतले. ते काम सुमारे तीस वर्षे चालले, त्यात एक कोटीहून अधिक शब्द हाताळले गेले आणि १९८० पर्यंत त्याचे ५६ छापील खंड झाले. मानव्यविद्यांत संगणक आणणाऱ्यांची नावे घेतली जातात तेव्हा बुसा यांचे नाव पहिल्या ओळीत असते.

या हकीकतीतला क्रम तू नीट पाहावास. आधी एका छोट्या शब्दावरचा, मर्यादित आणि पूर्ण झालेला प्रबंध, आणि त्यानंतर तीस वर्षांचे काम. समग्र शब्दसूचीची कल्पना त्यांनी प्रबंधात कोंबली असती तर प्रबंधही झाला नसता आणि कदाचित सूचीही झाली नसती, कारण यंत्राकडून नेमके काय करून घ्यायचे आहे हे त्यांना त्या दहा हजार कार्डांनीच शिकवले होते. (इटलीतील गालाराते या गावी पुढे यंत्राला वाचता यावीत म्हणून जी छिद्रित कार्डे तयार झाली, ती प्रामुख्याने तरुण मुलींनी केली, आणि त्यांच्या नावांची दखल फार काळ कोणी घेतली नाही. इतिहासाकडे वळशील तेव्हा हा प्रश्न जवळ ठेव. तो तुझ्यासारखीनेच विचारायला हवा.)

आता तुझा दुसरा प्रश्न, तिन्हींपैकी काय निवडावे हा. मला वाटते की तू तीन विषयांच्या मागे धावत नाहीस. तुझा प्रश्न एकच आहे आणि त्याला तीन बाजू आहेत, फक्त तो अजून तू कागदावर मांडलेला नाहीस. तू ज्या ग्रीक हस्तलिखितांविषयी लिहिले आहेस, त्यांतलेच उदाहरण घेते. कोडेक्स सिनायटिकस हे चौथ्या शतकातील ग्रीक बायबलचे हस्तलिखित आज चार संस्थांत विभागलेले आहे आणि २००९ पासून त्याच्या पानांची छायाचित्रे, अक्षरशः केलेल्या प्रतिलेखनासह, सर्वांना पाहायला खुली आहेत. त्यात शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. अक्षरे सलग वाहत जातात. आणि मध्येच दोन अक्षरांच्या माथ्यावर आडवी रेघ ओढलेली दिसते. ‘थेऑस’ म्हणजे देव हा शब्द तिथे पुरता लिहिलेला नसतो. पहिले अक्षर थीटा, शेवटचे सिग्मा, आणि वर ती रेघ. प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्दही असेच. अभ्यासक यांना ‘नोमिना साक्रा’, म्हणजे पवित्र नामे, म्हणतात. प्राचीन ख्रिस्ती हस्तलिखितांत ही पद्धत जवळजवळ सर्वत्र दिसते, आणि ती आदरापोटी आली की आणखी कशामुळे, यावर आजही मतभेद आहेत.

आता तुझ्या प्रणालीचा विचार कर. ती रेघ अक्षराचा भाग आहे, की पानावरचा डाग, की शब्द संक्षिप्त आहे याची खूण? यंत्राने तिथे दोनच अक्षरे वाचावीत, की पूर्ण शब्द लिहून द्यावा? पूर्ण शब्द द्यायचा तर तो कोणत्या विभक्तीत? हा निर्णय प्रणाली शिकवणाऱ्याला घ्यावा लागतो आणि तो घेण्यासाठी लेखनिकांची रीत, म्हणजे इतिहास, आणि त्या रीतीमागचा भाव, म्हणजे धर्म, दोन्ही ठाऊक असावे लागतात. केवळ संगणक येणारा माणूस ती रेघ पुसून टाकेल, आणि केवळ ग्रीक येणाऱ्याला यंत्र तिथेच का अडखळते हे उमगणार नाही. तुला दोन्ही कळू शकते. तुझे मार्गदर्शक याला छंद म्हणतात ते तूर्त खरे आहे, कारण जोवर एखादा नेमका प्रश्न लिहून त्याच्यासमोर ठेवला जात नाही, तोवर कोणत्याही वाचनाला दुसरा माणूस छंदच म्हणणार.

मात्र हे वाचून तू उद्या प्रबंधातली सगळी नमुना-हस्ताक्षरे बाजूला सारून त्या जागी कोडेक्सची पाने आणू नयेस, एवढी मी तुला कळकळीची विनंती करते. चार महिने उरलेले असताना विषय वाढवणे हा प्रबंध लांबवण्याचा सर्वांत प्रतिष्ठित मार्ग आहे. त्यात आपण टाळाटाळ करतो आहोत हे स्वतःलाही कळत नाही. जे आहे तेच सादर कर. शेवटच्या प्रकरणात पुढील संशोधनाची दिशा सांगणारा भाग असतो, त्यात या प्रश्नावर दोन परिच्छेद लिही, नेमके आणि उदाहरणासह. पुढे कोठे प्रवेशासाठी अर्ज करशील तेव्हा तुझ्या अर्जाची सुरुवात त्या दोन परिच्छेदांपासून होईल.

तू काहीच तडीस न नेणाऱ्यांपैकी आहेस का, या तुझ्या प्रश्नाशी मी सर्वांत अधिक वेळ थांबले. चालणारी प्रणाली ज्या मुलीने उभी केली आणि तीन प्रकरणे लिहिली, तिच्याविषयी मला असे म्हणता येणार नाही. पण तू कोठे थांबली आहेस ते पाहा. पहिली तीन प्रकरणे म्हणजे प्रस्तावना, पूर्वीच्या कामाचा आढावा आणि पद्धती; चौथे निष्पत्तीचे आणि पाचवे निष्कर्षाचे. पहिल्या तिन्हींत आपण इतरांविषयी किंवा आपल्या हेतूंविषयी बोलतो. चौथ्यापासून ‘मला हे आढळले’ असे म्हणावे लागते, आणि जे म्हटले ते कोणीही खोडून काढू शकतो. माझ्या स्वतःच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण वर्षभर खणात पडून होते. आणखी थोडे वाचायला हवे, असे मी त्या वर्षभरात प्रत्येकाला सांगत होते आणि ते मला खरेही वाटत होते. आज मागे वळून पाहते तेव्हा दिसते की मला आणखी वाचायचे नव्हते, मला चुकायचे नव्हते. तुझी हस्तलिखितांची ओढ अस्सल आहे याविषयी मला शंका नाही. पण ती नेमकी लिहायला बसल्यावरच का दाटून येते, हे तू स्वतःला एकदा प्रामाणिकपणे विचारून पाहा.

म्हणून चौथे प्रकरण यशापासून सुरू करू नकोस. चुकांपासून सुरू कर. हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रणालीचे मोजमाप तसेही चुकांनीच होते: किती अक्षरांच्या जागी भलती अक्षरे आली, किती गळली, किती नसताना घुसली, यांची बेरीज मूळ मजकुरातील एकूण अक्षरांच्या तुलनेत मांडायची. तुझी प्रणाली जिथे सर्वांत वाईट फसली अशा दहा ओळी निवड आणि प्रत्येकीविषयी ती का फसली असावी हे चार वाक्यांत लिही. जोडून लिहिलेली अक्षरे, पुसट शाई, शिकवताना कधीच न दाखवलेल्या व्यक्तीचा हात, जे असेल ते. दहा ओळी झाल्या की प्रकरणाचा गाभा तुझ्या हाती असेल, आणि एका माणसाच्या अक्षरावर शिकलेले यंत्र दुसऱ्याच्या अक्षरापुढे का गोंधळते हे लिहिताना तुला ते प्राचीन लेखनिकही आठवतील. त्यांना तेवढ्यापुरते येऊ दे. कच्चा खर्डा मार्गदर्शकांना कोणत्या दिवशी देणार हे त्यांना आजच लेखी कळव; मनातली तारीख सरकते, दुसऱ्याला कळवलेली तारीख सहसा सरकत नाही.

आईच्या भीतीविषयी मी हलकेपणाने काही लिहिणार नाही, कारण ती भीती निराधार नाही. ग्रंथ कोणी लिहिला, केव्हा लिहिला, त्यात कोणी भर घातली, हे विचारू लागल्यावर काही जणांची श्रद्धा खरोखर बदलते. काहींची सुटते आणि काहींची अधिक खोल होते. तुझे काय होईल हे मला सांगता येत नाही आणि तसे वचन तूही आईला देऊ नकोस. पण हा अभ्यास देव आहे की नाही हे ठरवायला बसलेला नाही, हे तिला नक्की सांगता येईल. बुसा आयुष्यभर धर्मगुरूच राहिले. सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरिन मठातील भिक्षू कोडेक्स सर्वांसाठी खुले करण्याच्या कामात स्वतः सहभागी होते. आर्किमिडीजच्या लेखनाची १०व्या शतकातील एक प्रत खरवडून १२२९ मध्ये त्याच चर्मपत्रांवर प्रार्थनेचे पुस्तक लिहिले गेले. गणिताच्या दृष्टीने ही हानी खरी, पण त्या पुस्तकाला प्रार्थनेचे म्हणून जपले गेले, त्यामुळेच खालची अक्षरे आधुनिक छायाचित्रण आणि क्ष-किरणांपर्यंत टिकून राहिली.

आईला दाखवण्यासाठी मी स्वतः मात्र यापेक्षा वेगळी वस्तू निवडेन. ‘वज्रसूत्र’ या बौद्ध धर्मग्रंथाची चिनी भाषेतील छापील गुंडाळी ही तारीख नोंदवलेल्या छापील पुस्तकांत आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मानली जाते. तिच्या अखेरीस नोंद आहे की वांग ज्ये नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांप्रीत्यर्थ, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी, ती करवून घेतली. साल ८६८. छपाईचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण त्या ओळीपाशी येतो, आणि ती ओळ एका मुलाने आईबापांसाठी घातलेली आहे. ती तुझ्याबरोबर बसून आईला पाहू दे. तिला तुझ्या शेजारी बसायला मिळाले तर तिची निम्मी भीती ओसरेल, असा माझा अंदाज आहे. तुझ्या पत्रातल्या आईला ग्रंथांपेक्षा अधिक भीती तू दूर जाण्याची वाटत असावी.

मैत्रिणींना काही सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. त्यांना प्रबंध संपल्यावर भेट.

इतिहासाच्या अभ्यासक्रमाविषयी थोडेसे. तो तू अवश्य करावास, पण तंत्रज्ञानाची पदवी हातात घेऊन. ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालये यांच्या हस्तलिखित विभागांत दोन्ही जाणणारी माणसे हवी असतात. मात्र अशी पदे थोडी असतात आणि त्यांतली बरीच ठरावीक मुदतीची असतात, हेही तुझ्यापासून लपवत नाही. तुझी पदवी त्या मधल्या काळात तुला पोटापाण्यासाठी उपयोगी पडेल आणि कोणाच्या उपकाराशिवाय ग्रंथांपाशी राहू देईल. अर्धी सोडलेली पदवी यातले काहीच करू शकणार नाही, आणि ती सोडल्याचा सल मात्र इतिहासाच्या पहिल्या अवघड प्रकरणापाशी पुन्हा डोके वर काढील.

राहिल्या दोन भाषा. ग्रीक चालू ठेव, पण प्रबंधाचे त्या दिवसाचे लेखन झाल्यावर अर्धा तास, त्याच्या आधी नाही. वाचण्यासाठी कोडेक्सचे एकच पान निवड आणि चारही महिने तेच पान वाच. माथ्यावर रेघ असलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवून ठेव. हिब्रूची वही बांधून ठेव आणि तिच्यावर प्रबंध सादर करण्याची तारीख लिही. सादर केल्यावर मला पुन्हा पत्र लिही. त्या पानावर अशी किती नामे निघाली, हे मला तुझ्याकडून कळायला हवे आहे.