भाट म्हणजे भाडोत्री नव्हे हो!

एका मुलाने विचारलंय, तो एक काल्पनिक राज्य रचतोय, त्यात गाणाऱ्या-कथा सांगणाऱ्या लोकांची मोठी शाळा होती आणि ती दीडशे वर्षांपूर्वी बंद पडली. तिला 'भाटांची शाळा' म्हटलं की मित्र हसतात, मग 'शाहीर अकादमी' म्हणू का, आणि बंद पडलेलीला 'निष्क्रिय' चालेल का?

शाहीर म्हणजे अरबी शाइर, डफ, पोवाडा, सगळ्यांना माहितीये, पुढे चला.

मित्र हसतात ती चूक मित्रांची नाही, टीव्हीवाल्यांची आहे. रोज संध्याकाळी कोणीतरी कोणाला तरी 'सत्तेचे भाट' म्हणतं, आणि आता भाट म्हणजे लाळघोट्या एवढंच उरलंय. त्यात परवा एका व्याख्यानात एका मोठ्या विद्वानांनी सांगून टाकलं की भाट हा 'भाटक'वरून, भाटक म्हणजे भाडं, म्हणून भाट म्हणजे भाड्याने गाणारा. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत कपाळावर हात मारून बसलो.

अहो, भाटकचं मराठीत काय झालं? भाडं झालं! एकटा ट दोन स्वरांच्या मध्ये सापडला की त्याचा ड होतो, घोटकचा घोडा, वटाचा वड. ट टिकून राहायचा असेल तर तो मुळात जोडून हवा. पट्टचा पाट, हट्टचा हाट (आपण बाजारहाट म्हणतो ना, तोच), तसा भट्टचा भाट. एवढं साधं आहे. आणि भट्ट कुठून, तर 'भर्तृ'वरून, म्हणजे पोसणारा, धनी. जात्यावरच्या ओव्यांतला 'भ्रतार' तोच. म्हणजे बघा, पूजा सांगणारा भट, दारात उभं राहून बिरुदं म्हणणारा भाट आणि बाईचा भ्रतार, तिघं एकाच घरचे! ज्याला लोक दुसऱ्याच्या जिवावर जगणारा म्हणून हिणवतात त्याचं नावच मुळात 'पोसणारा धनी' आहे, मला तर हे कळलं त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही, म्हणजे आनंदाने.

अमळनेरकडच्या आमच्या गावात लहानपणी 'भाट उना, भाट उना' (म्हणजे भाट आला) अशी हाळी व्हायची. गुजरात-राजस्थानकडचा माणूस, बरोबर लांबलचक वही, तिच्यात सात-आठ पिढ्यांची नावं, आणि तो ती चालीवर वाचायचा. माझं तर मत आहे की आपल्या खान्देशातल्या वहीगायन या लोकगाण्यातली 'वही' हीच, आधी लिहिलेली मग गायलेली. वही म्हणजे ओवी असं म्हणणारे आहेत, म्हणू देत, त्यांनी भाट वाचताना ऐकलेला नसणार.

हां, शाळा. आयर्लंडमध्ये अशा शाळा खरंच होत्या, पोरं अंधाऱ्या खोलीत अंथरुणावर पडून कविता रचायची, कागद नाही काही नाही, सगळं डोक्यात, मग रात्री दिवा आला की लिहायची. (आणि इंग्रजी खेळांत गाणाऱ्या पात्राला 'बार्ड' म्हणतात ना, तिकडे तो 'बार्ड' खालच्या पायरीचा, असा रीतसर शिकलेला कवी म्हणजे 'फिली', तेव्हा त्या नावावरही फार विसंबू नकोस.) त्या बंद का पडल्या? कविता संपल्या म्हणून नाही. कवींना जमिनी देणारे सरदार इंग्रजांपुढे हरले, १६०७ मध्ये त्यातले मोठे मोठे जहाजात बसून देश सोडून गेले, मग त्या शतकातच शाळा गेल्या. भर्ता गेला, भट्ट गेला. तुझ्या राज्यातही आग, शाप, ड्रॅगन काही आणू नकोस, नुसता एक राजा कंगाल कर, पुरे.

बरं, 'निष्क्रिय' अजिबात नको, निष्क्रिय बँकेचं खातं असतं. पेढी बुडते, वतन बुडतं, तशी शाळा बुडाली म्हण. आणि नाव? पडक्या दरवाजावरच्या शिळेवर 'भट्टशाला' कोरलेलं ठेव, पण आजूबाजूच्या गावातले लोक तिला 'भाटसाळ' म्हणतील, टंकशालाची टांकसाळ झाली तशी. तिथे आता गुरं बांधतात असं दाखव. मित्र हसले तर त्यांना आधी भाटक आणि भट्ट समजावून सांग, नाहीतर माझ्याकडे पाठव.