बांधकाम चालू असताना साइटवर होणारं कार्बन उत्सर्जन कसं मोजतात? त्यावर सरकारचं काही बंधन आहे का?

मोजतात म्हणजे कुठं मीटर वगैरे लावत नाहीत हो, रजिस्टर आणि चलनं बघून गुणाकार करतात. डिझेल जेवढे लिटर जळलं गुणिले साधारण 2.68 किलो, झाला कार्बन डायऑक्साइड. वीज, सिमेंट, स्टील सगळ्याचं असंच. म्हणजे रजिस्टर खोटं तर कार्बनही खोटा, आणि इथंच माझं डोकं फिरतं.

पुण्याजवळच्या एका साइटवर मी बिलिंगला होतो. बिल्डरला ग्रीन रेटिंग (इमारत पर्यावरणपूरक असल्याचं सर्टिफिकेट) हवं होतं म्हणून कन्सल्टंटने एक्सेल पाठवली, महिन्याचं डिझेल भरा. स्टोअरमधून रजिस्टर मागवलं तर रोज 60 लिटर. स्लॅब असो, पाऊस असो, 60. दिवाळीत लेबर गावी गेलेलं, गेटला कुलूप, आत फक्त वॉचमन आणि त्याचं कुत्रं, तरी लक्ष्मीपूजनाला 60, पाडव्याला पण 60, सगळं एकाच निळ्या पेनानं एका बैठकीत लिहिलेलं. डीजीचा, म्हणजे डिझेल जनरेटरचा, अवर मीटर (तो किती तास चालला ते दाखवणारा) बघायला गेलो तर काच फुटलेली, आकडा अडकलेला. स्टोअरवाले दादा म्हणाले, "मला सांगतात तेवढं मी लिहितो." पीएम, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर सरांकडे गेलो तर म्हणे, "तुला पगार बिलांचा मिळतो का पोल्युशनचा? भर 60." भरलं. हो, भरलं मी, होम लोन चालू होतं. आज त्या लॉबीत सर्टिफिकेट लटकतंय.

बंधनाचं म्हणाल तर 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारतीच्या कार्बनला कायद्याने ठरवलेली मर्यादा आपल्याकडे नाही. रेटिंग तर ऐच्छिकच. डेन्मार्कनं 2023 पासून 1000 चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना चौरस मीटरमागे वर्षाला 12 किलोची मर्यादा घातली (इमारतीचा सगळा कार्बन 50 वर्षांवर वाटून), जुलै 2025 पासून ती आणखी कडक केली, आणि वाहतूक अन् साइटवरच्या कामाला वेगळी 1.5 किलोची. वेगळी, कळलं का? म्हणजे तिथं डिझेल सिमेंटच्या आकड्यात लपवता येत नाही.

आता खरं सांगायचं तर डिझेल हा लहान मासा आहे. 60 लिटर म्हणजे 160 किलो. साध्या ओपीसी सिमेंटच्या (राख वगैरे न मिसळलेल्या) एम30 ग्रेडच्या काँक्रीटची 6 घनमीटरची एक गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून सेट व्हायला लागली म्हणून परत पाठवली तर ढोबळमानाने 2 टन कार्बन डायऑक्साइड, बारा दिवसांचं डिझेल एका फेरीत गेलं. कारण सिमेंटसाठी चुनखडी भाजताना हा गॅस दगडातूनच निघतो, भट्टी कशावरही पेटवा. पीएम सर पण हेच ऐकवायचे, "डिझेलचं काय घेऊन बसलास." बरोबर होतं त्यांचं. पण मग परत गेलेल्या गाड्यांची नोंद ठेवू दिली का कधी? ती वही मी दोनदा सुरू केली, दोनदा गायब झाली.

तुम्ही साइटवर असाल तर दोन्ही ठेवा, परत गेलेल्या गाड्यांची वही स्वतःच्या बॅगेत, आणि डीजीच्या अवर मीटरचा रोज तारखेसकट फोटो. दिवाळीत पण काढा.