'गुलामगिरी' : शीर्षकातला शब्द शब्दशः घ्यावा का?

एका वाचकाने विचारले आहे की, जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' हे नाव दिले ते शब्दशः घ्यायचे की लक्षणेने. आणि 'दास्य' हा शब्द हाताशी असताना त्यांनी अरबी-फारसी वळणाचा शब्द का निवडला असावा.

व्युत्पत्ती थोडक्यात सांगता येते. अरबीत 'गुलाम' म्हणजे मुलगा, तरुण पोरगा. पुढे तो शब्द कामाला ठेवलेल्या आणि विकत घेतलेल्या माणसासाठीही वापरला जाऊ लागला. '-गिरी' हा फारसीतून आलेला प्रत्यय. शिपाईगिरी शिपाई करतो, दादागिरी दादा करतो. त्याच चालीने 'गुलामगिरी' ही जणू गुलामाचीच वृत्ती ठरते आणि त्याला विकत घेणारा धनी शब्दातून अलगद निसटतो. 'दास्य' या शब्दाचीही तीच गत आहे.

माणसांची खरेदी-विक्री ही १८७३ च्या मराठी वाचकाला केवळ परमुलखातील वार्ता नव्हती. पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द विकत घेतलेल्या किंवा धरून ठेवलेल्या बाईसाठी येतात. (तिथल्या प्रत्येक 'कुणबिणी'ला कुणब्याची बायको समजणाऱ्यांची मोठी फसगत होते.) व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या बायकाही अशाच राबवल्या जात. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्काला न्यायालयात थारा देणे बंद केले, तेव्हा जोतीराव सुमारे सोळा वर्षांचे होते.

पुस्तकाचा रोख मात्र या बटकींवर नसून शूद्रातिशूद्रांवर आहे, आणि शेत कसणाऱ्या कुणब्या-माळ्याला कोणी बाजारात उभे करून विकत नव्हते; म्हणून बरेच अभ्यासक हा शब्द अलंकारिक मानून पुढे जातात. मला ते पटत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार सांगितले आहेत: युद्धात जिंकलेला, पोटासाठी दास झालेला, घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला, वडिलोपार्जित आणि दंडापायी दास झालेला. पण या यादीच्या अगदी आधीचा श्लोक अधिक बोलका आहे: धन्याने सोडून दिले तरी शूद्र दास्यातून मुक्त होत नाही, कारण ते त्याला निसर्गतःच चिकटलेले आहे. येथे दास्य खरेदीखतावर अवलंबून राहत नाही, जन्मावर अवलंबून राहते. ॲरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच दास असतात असे म्हटले, त्याच जातीचा हा युक्तिवाद आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात असा निकाल दिला की, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, मग ते स्वतः गुलाम असोत वा मोकळे, त्या देशाचे नागरिक होऊ शकत नाहीत. दोन्हीकडे धन्याने हात सोडला तरी जन्म सोडत नाही. हा निकाल जोतीरावांच्या डोळ्यांसमोर होता असे मी म्हणत नाही. परंतु त्यांनी पुस्तक अर्पण केले ते निग्रोंच्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या अमेरिकी लोकांना, यावरून त्यांना कोणती तुलना अभिप्रेत होती हे उघड आहे.

शास्त्राचे एकच मत होते, असेही नाही. कौटिल्याचा दंडक असा की म्लेच्छांनी आपले अपत्य विकले तर दोष नाही, पण आर्याला दासभाव नाही. आणि अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, शूद्रालाही आप्ताने विकल्यास तो दंड सांगतो. म्हणजे 'निसर्गा'ची सीमारेषा कोण आखतो त्याप्रमाणे सरकत असे.

राहिला 'दास्या'चा प्रश्न. येथे मी अनुमानच करू शकतो. भक्तिपरंपरेने 'दास' शब्दाला पावित्र्य दिले होते: जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, आणि सज्जनगडावरचे समर्थ तर रामाचे दास. त्या शब्दाने वाचकाचे हात आपोआप जोडले गेले असते. 'गुलाम' शब्दाला असे वलय नव्हते.

लिहिताना एक पथ्य पाळावे. 'वेठबिगार' आणि 'गुलामगिरी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. वेठ म्हणजे सक्तीने, बिनमोबदला करून घेतलेले काम. तिच्यात माणसावर मालकी असावीच लागते असे नाही. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली केलेला कायदा हा १८४३ च्या कायद्याहून निराळ्या गोष्टीविषयी आहे.